हुसेनाबींनी विचारलं

हुसेनाबी कुणाला बांगड्या भरायला बसल्या की आधी चेहरा पाहत नसत, हात पाहत. पंजा मांडीवर घेऊन अंगठ्याखालची उशी दाबत दाबत मऊ करत आणि तेवढ्यात घरची खबर काढत. माजलगावातल्या निम्म्या सासवांची गाऱ्हाणी त्यांना ठाऊक होती, पण या घरातली गोष्ट त्या घरात कधी गेली नाही. "एकीच्या मापाची बांगडी दुसरीला बसत न्हाई," म्हणायच्या, "बोलणं बी तसंच."

मी हैदराबादच्या इंग्रजी शाळेतून शिकून परतले, त्या साली वहिनीला मुलगी झाली. तिसऱ्या महिन्यात वहिनी बोलेनाशी झाली. ताट तसंच उठायचं, मूल रडलं तरी ती वळायची नाही. आई म्हणाली, "बसून बसून मन खातं. कामाला लावा." म्हणून घरचं सगळं पाणी मळ्यातल्या विहिरीवरून तिनं आणायचं ठरलं. एकटीनं. ती परत येईपर्यंत मी ओसरीवर पुस्तकातली एकच ओळ वाचत बसायची. एकदा फार उशीर झाला म्हणून पळत गेले. घागर कोरडी होती आणि वहिनी वाकून विहिरीत पाहत होती. मी हाक मारली. ती आली. घरी मी कुणाला काही बोलले नाही.

संक्रांतीच्या तोंडावर हुसेनाबी आल्या. वहिनीची नेहमीची बांगडी हात न दाबताच आत सरकली. त्या थांबल्या.

"बेटी, जीव द्यावा वाटतो का?"

आई कडाडली, "सवाष्णीला बांगड्या भरताना हे काय अभद्र बोलता?"

"मला मागून शिव्या द्या, बाई. आदी तिला बोलू द्या."

वहिनी म्हणाली, "रोज वाटतं."

आई जवळ येऊन बसली. हुसेनाबींनी हात सोडला नव्हता. "ही बाधा न्हाई, नखरे बी न्हाईत. आजार हाय. माझ्या धाकट्या बहिणीला हाच हुता. आमी तिला म्हणायचो, हसत ऱ्हा. गेली ती."

दुसऱ्या दिवशी दादानं गाडी जुंपली; वहिनीसोबत हुसेनाबी आणि मीही निघालो. बीडच्या हकीमसाहेबांनी नाडी पाहिली, खूप वेळ प्रश्न विचारले. औषध दिलं, दर पंधरा दिवसांनी यायला सांगितलं आणि बजावलं, एकटं सोडू नका. परतताना हुसेनाबी हळूच मला म्हणाल्या, "ताई, काल तू दचकली न्हाईस. तुला ठावं हुतं. कावून इचारलं न्हाईस?"

"विचारलं तर नसलेलं तिच्या मनात भरेल, अशी भीती वाटली."

"इचारल्यानं भरत न्हाई गं. आदीच भरलेलं असतं. इचारलं की ती त्यात एकटी ऱ्हात न्हाई, इतकंच."

वहिनीला सावरायला वर्ष लागलं. मध्ये दोनदा पुन्हा बिघडलं, दोनदा पुन्हा गाडी जुंपली. काही वर्षांनी हुसेनाबी वारल्याचा निरोप आला तेव्हा ती लेकीची वेणी घालत होती. वेणी पुरी करून ती उठली, आणि आम्ही दोघी त्यांच्या घरी निघालो.

वाटेत मी पहिल्यांदाच विचारलं, "वहिनी, अजून तसं वाटतं का?"

"कधी कधी," ती म्हणाली. "विचारत जा."