जिथे मारायचं नाही त्या जागा

आमच्या गावात शिमग्याला नाटक होतं, आणि त्या नाटकात दरवर्षी कोणाचं तरी रक्त निघायचं. मुंबईत कामाला असलेले गाववाले महिनाभर तिथल्या एका खोलीत तालीम करत आणि शेवटचे आठ दिवस गावी येऊन देवळासमोरच्या मांडवात. नाटक कुठलंही असो, त्यात एक मारामारी हवीच. भावकीत वर्षभर जे साचे ते त्या मारामारीत बाहेर पडे. रंगमंचावर लागलं तर ते गावकीच्या बैठकीत आणायचं नाही, पोलिसांत तर नाहीच, अशी रीत होती. "नाटकात लागला," एवढं म्हटलं की विषय संपायचा. आदल्या वर्षी खलनायकाचे दोन दात पडले होते आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मीही वाजवल्या होत्या.

त्या वर्षी दिग्दर्शकाने माझ्या थोरल्या भावाला, म्हणजे दादाला, आणि आमच्या चुलतभावाला एकमेकांसमोर उभं केलं.

दादा दहावीनंतर शाळा सोडून मुंबईत एका छापखान्यात लागला, म्हणून मी दापोलीला शेतीच्या पदवीपर्यंत पोचलो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलेलं नव्हतं. हे मी कधी विसरलो नाही आणि दादाने कधी बोलून दाखवलं नाही. चुलतभावाचं घर आमच्या घराला लागून. दोन वर्षांपूर्वी त्याने काजूच्या बागेतला गडगा, म्हणजे बांधावरची जांभ्या दगडांची भिंत, हातभर आमच्या बाजूला सरकवला. बाबा विचारायला गेले. त्याने बाबांच्या छातीवर हात देऊन ढकललं. बाबा गडग्यावरून मागे पडले आणि कंबर मोडली. तेव्हापासून ते खाटेवर आहेत. गावकीने मध्ये नारळ ठेवून ते मिटवलं. दादाने नारळाला हात लावला, पण चुलतभावाकडे बघितलं नाही.

आई मला म्हणाली, "ह्या वर्षी तो त्याला मारणार. मला दिसतंय. त्याला काय झालं तर हा जेलात जायचा. तू शिकलायस ना? कायतरी कर."

माझ्या ओळखीत मारामारी शिकलेला एकच माणूस होता. तो स्कॉटलंडचा होता.

त्याची पत्नी कोकणातल्या जांभ्या मातीचा अभ्यास करायला वर्षभरासाठी आली होती. दोघांनी बुरोंडीला घर घेतलं होतं, आणि मी सुट्टीच्या दिवशी मातीचे नमुने गोळा करायला तिच्याबरोबर जायचो. नवरा साठीच्या पुढचा, उंच, मोडलेल्या नाकाचा. दिवसभर पडवीत बसून मासे साफ करणाऱ्या बायकांचं बोलणं ऐकायचा. आम्ही त्यांना काका म्हणायचो. त्यांच्याशी बोलायचं तर उजव्या बाजूला बसावं लागे, कारण डाव्या कानाने काही ऐकू येत नसे.

मी पहिल्यांदा त्यांना इंग्रज म्हटलं तेव्हा ते चिडले. दादा एकदा माझ्याबरोबर आला होता. त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "बरोबर हाय. आपल्याला कोण मुंबईवाला म्हटलं तर आपण चिडतो ना."

काका चाळीस वर्षं नट होते. वडील जहाजं बांधायच्या कारखान्यात वेल्डर. शाळेत घरची बोली तोंडातून निघाली की मास्तर चामड्याच्या पट्ट्याने तळहातावर मारत. पुढे अभिनयाच्या शाळेत पट्टा नव्हता, पण शिकवणं तेच: लंडनसारखं बोला. शिकून बाहेर पडल्यावर ते एका छोट्या कंपनीत गेले. सातजण, एक जुनी गाडी, मागे पडदे आणि फळ्या. उत्तरेकडच्या बेटांवर, मासळीच्या लिलावाच्या शेडमध्ये, शाळांच्या हॉलमध्ये प्रयोग करायचे. नाटक आवडलं नाही तर कोळी मधेच उठून तसं सांगायचे. आपल्या बोलीत काम केलं ते तेवढंच, ते म्हणायचे, आणि पोट भरलं नाही तेही तिथेच.

मग ते लंडनला गेले. तिथे त्यांच्या बोलीला दोनच कामं मिळायची, असं त्यांनी मला एकदा मासे भाजता भाजता सांगितलं. दारुडा किंवा मारेकरी. राजाचं काम स्कॉटलंडच्या राजाचं असलं तरी ते लंडनच्या नटाला. यांनी त्या राजाच्या मागे भाला घेऊन उभं राहायचं आणि पहिल्या लढाईत मरायचं. टीव्हीवरच्या पोलिसांच्या मालिकांत ते इतक्या वेळा मेले होते की हिशोब सुटला होता. मला हे फार जवळचं वाटलं. कॉलेजात घाटावरची मुलं माझ्या हेल काढून बोलण्याची नक्कल करून दाखवायची, आणि गॅदरिंगच्या नाटकात मला गड्याचं काम द्यायची.

मरणं हेच त्यांचं कसब होतं. बुरोंडीची पोरं त्यांना रस्त्यात अडवून म्हणत, "काका, एकदा मरा ना." ते किराणा दुकानासमोर पोटात सुरा बसल्यासारखे दुमडायचे, नारळाच्या झाडाला धरून खाली घसरायचे आणि पाय एकदाच झटकायचे. दुकानदार म्हणायचा, "झाला? आता उठा, गिऱ्हाईक येत नाय."

कानाची गोष्ट त्यांनी आम्हा दोघा भावांना मोबाइलवर दाखवली. एका सिनेमात ते कैदी होते आणि मोठा नट अधिकारी. थप्पड खोटी मारायची ठरली होती, तालीमही तशीच झाली. कॅमेरा सुरू झाल्यावर त्या नटाने तळहात पोकळ करून कानावर खरी मारली. पडद्यावर काकांचं डोकं बाजूला जातं, डोळे क्षणभर कुठेच बघत नाहीत, मग कानातून एक काळसर रेघ मानेवर येते. "इथे माझा कान गेला," ते म्हणाले. दिग्दर्शकाला तो शॉट फार आवडला. त्या नटाचं पुढे खूप कौतुक झालं.

"तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"काही नाही. बोललो असतो तर पुढचं काम मिळालं नसतं. सगळे म्हणाले, कामात लागलं."

दादाने तो तुकडा परत लावला. पुन्हा परत. मग मला म्हणाला, "विचार त्यांना, नेमकं कुठं लागलं." मी विचारलं. काकांनी स्वतःच्या कानावर हात ठेवून दाखवलं. तेव्हा मला काही खटकलं नाही.

मी त्यांना आईचं म्हणणं सांगितलं तेव्हा ते लगेच तयार झाले. कान गेल्यापासून ते नाटकांत अशाच मारामाऱ्या बसवत आले होते, खऱ्या वाटणाऱ्या आणि कोणाला न लागणाऱ्या. शिमग्याच्या आधीच्या आठवड्यात रोज दुपारी ते एसटीने दापोलीला येत आणि तिथून मी त्यांना मोटारसायकलवर गावी नेई. मी दुभाषा होतो. मला त्याचा अभिमान वाटत होता, हे कबूल करतो. शाळेच्या पुस्तकातलं माझं इंग्रजी गावाच्या उपयोगी पडत होतं.

त्यांचा पहिला नियम असा: मारणारा ठरवत नाही, मार खाणारा ठरवतो. मार खाणाऱ्याने मारणाऱ्याच्या डोळ्यांत बघून मान हलवायची. मान हलली नाही तर हात उठायचा नाही. हात गालापासून वीतभर लांबून जाईल, आवाज मार खाणाराच स्वतःच्या छातीवर टाळी देऊन काढेल. मांडवात बसलेले म्हातारे हसले. "म्हणजे मार खाणारा सांगणार, मार मला? मग भांडण कसलं?"

चुलतभाऊही हसला. तो वाईट नट नव्हता. दोन दिवसांत तो असा पडायला शिकला की बायका तोंडावर हात ठेवायच्या. दादाही शिकला. दोघं एकमेकांच्या डोळ्यांत बघत, चुलतभाऊ मान हलवी, दादाचा हात हवेतून जाई, टाळी वाजे. दोन वर्षांत ते एकमेकांकडे इतका वेळ बघत नव्हते. आई मांडवाच्या कडेला उभी राहून बघून गेली आणि त्या रात्री तिने काकांसाठी डबा दिला.

तिसऱ्या दिवशी काकांनी शाळेतला खडू मागवला. चुलतभावाला मध्ये उभं केलं. त्याच्या अंगात काळा टीशर्ट होता. काकांनी खडूने एकेक खूण केली: गळ्यावर, बरगडीच्या खाली, पाठीत कमरेच्या वर. खाली बसून गुडघ्याच्या वाटीवर. मग कानशिलावर, नाकाच्या मुळाशी, आणि शेवटी कानावर एक पांढरा ठिपका. सात जागा. चुकूनसुद्धा हात जाऊ नये अशा. प्रत्येक जागेला ते सांगत होते की इथे लागलं तर काय होतं, आणि मी मोठ्या आवाजात मराठीत सांगत होतो. "इथं लागला तर श्वास बंद. इथं लागला तर रक्ताची लघवी. इथं लागला तर आयुष्यभर बहिरा."

चुलतभाऊ अंगावरचे ठिपके बघून म्हणाला, "मला काय बैलासारखा रंगवताय."

दादा हसला नाही. तो लक्ष देऊन बघत होता. शाळेत फळ्याकडे बघणाऱ्या मुलासारखा, असं मला तेव्हा वाटलं, आणि बरं वाटलं.

दहाला लाउडस्पीकर बंद करावा लागतो म्हणून नाटक सातला सुरू झालं. मारामारी पहिल्या अंकाच्या शेवटी. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. पहिला ठोसा, टाळी. काठी उडाली. चुलतभाऊ गुडघ्यावर आला, हाताने तोंड पुसून उठला, आणि पुढच्या फटक्यासाठी मान हलवायला त्याने वर बघितलं. मी विंगेत होतो. त्याची मान हललेली नव्हती. दादाचा उजवा हात खांद्यामागून आला, तळहात वाटीसारखा पोकळ, आणि कानावर बसला. आवाज टाळीसारखा नव्हता. ओल्या मातीत फावडं मारल्यासारखा होता.

लोकांनी शिट्या मारल्या. चुलतभाऊ पडला तो शिकवल्यासारखा पडला नाही. हात पुढे न करता तोंडावर पडला. दादाने त्याच्या बरगडीखाली एक लाथ घातली. मग दुसरी. चुलतभाऊ ओकला आणि लोक आणखी जोरात ओरडले, कारण त्यांना ते कसब वाटलं. तिसऱ्या लाथेआधी पहिल्या रांगेतून काका उठले. त्यांचा चांगला कान रंगमंचाकडे होता. "पडदा," ते ओरडले. मराठी शब्द त्यांना थोडेच येत, त्यातला तो एक. "पडदा पाडा." कोणी पाडला नाही, तेव्हा त्यांनी वर चढून स्वतः दोरी ओढली.

पडद्याआड मी चुलतभावाचं डोकं मांडीवर घेतलं. कानातून रक्त मानेवर येत होतं, मोबाइलवर बघितलं होतं अगदी तसंच. तो माझं नाव घेत होता आणि मी उत्तर दिलेलं त्याला ऐकू येत नव्हतं. त्याला टेम्पोत घालून दापोलीला नेलं. कानाचा पडदा फाटला होता, तो कान परत आला नाही. दोन बरगड्याही मोडल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी देवळात गावकी बसली. खरं तर बसायचंच नव्हतं, नाटकातलं होतं. पण काका जाऊन प्रमुख मानकऱ्यांना भेटले होते आणि कानाकडे बोट दाखवत राहिले होते, म्हणून बसली. चुलतभाऊ डोक्याला पट्टी बांधून खांबाला टेकून होता. दादा समोर.

मानकरी म्हणाले, "हात चुकला, असं हा म्हणतोय. नाटकात लागलाय. विषय संपला." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू त्या गोऱ्याच्या बरोबर होतास. शिकलेला हायस. तूच सांग, हात चुकला ना?"

आई देवळाच्या पायरीवर बसली होती. तिने नुसती मान खाली घातली. हात चुकला म्हटलं की दादाची नोकरी राहणार होती, घर राहणार होतं. माझी पदवी त्या हाताने कमावलेली होती. बाबांची कंबर मला रोज दिसत होती. आणि मला ते काका दिसत होते, ज्यांनी सगळ्यांना म्हणू दिलं होतं, कामात लागलं.

मी म्हणालो, "नाही चुकला. ती जागा आम्ही खडूने दाखवली होती. मीच त्याला मराठीत सांगितलं होतं, इथं लागला तर आयुष्यभर बहिरा. त्याने ऐकून मारलं. माझ्या तोंडून ऐकून."

चुलतभावाने बायकोला विचारलं, "काय म्हणाला?" तिने त्याच्या चांगल्या कानात सांगितलं.

दादा उठला. मध्ये कोणी आलं नाही. माझ्यासमोर येऊन उभा राहिला, इतका जवळ की त्याच्या शर्टाला छापखान्याच्या शाईचा वास येत होता तो मला आला. त्याचे डोळे लाल होते. हात खांद्यामागे गेला. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि मान हलवली.

त्याने मारलं. खरं मारलं. ओठ फुटला, दाढ हलली, मी दोन पावलं मागे जाऊन घंटेच्या खांबावर आदळलो. पण मारलं ते गालावर, उघड्या तळहाताने, बोटं पसरून. त्या सातांतल्या एकाही जागेवर नाही.

मानकऱ्यांनी ते बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. मानकरी हळूच म्हणाले, "ह्याचा हात चुकत नाय," आणि पोलिसपाटलाला बोलावणं धाडलं. दादा तिथेच पायरीवर आईशेजारी बसला. पोलिसपाटील येईपर्यंत तो जागचा हलला नाही.