गुरुजींचा आवाज अडवणारी चिप

बिलोलीचे आनंदराज गुरुजी शिकवायला लागले की आवाज शाळेच्या फाटकापर्यंत जायचा. मग नसांच्या आजारात हातपाय गेले, वाचाही गेली. डोळे तेवढे उरले. डोळ्यांनी अक्षरं निवडली की बोलून दाखवणारा टॅब घरच्यांनी घेतला, पण त्याला मराठी येत नव्हती. गुरुजींचा जुना विद्यार्थी, देगलूरचा बसवराज, कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. त्यानं टॅबमध्ये मराठी आवाज बसवून दिला. त्या दिवशी गुरुजी बायकोशी, रेणुकाबाईंशी, दुपारभर बोलले.

एका सकाळी टॅब आपोआप अपडेट झाला आणि पडद्यावर ओळ आली, ‘मान्यता नसलेला प्रोग्रॅम आढळला. यंत्र बंद करण्यात आले आहे.’

रेणुकाबाईंनी कंपनीला फोन लावला. "टॅब आमचा हाय न्हवं?"

"हो मॅडम. पण आतली चिप आमची मान्यता असलेलंच चालू देते."

"मग ते मराठी काढा. बोलू तर द्या माणसाला."

"इथून उघडत नाही. सेंटरला पाठवावा लागेल."

तेवढ्यात त्यांचं लक्ष गुरुजींकडे गेलं. चेहरा घामानं डबडबलेला, श्वास उथळ, नजर बंद पडद्यावर खिळलेली. बाईंनी फोन टाकला.

"काय होऊन राहिलं? छातीत दुखतं?"

डोळे मिटले की ‘हो’. ते उघडेच राहिले.

बाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर ओढून मागच्या कोऱ्या बाजूवर अक्षरं लिहिली. बोट फिरवायला लागल्या. हवं अक्षर आलं की गुरुजी डोळे मिटायचे. एकदा अक्षर हुकलं, पुन्हा पहिल्यापासून. प. काना. य.

लुंगी सारली तर डावी पोटरी सुजून लाल झालेली.

नांदेडला डॉक्टर म्हणाले, "पायातल्या रक्ताच्या गाठीचा तुकडा फुफ्फुसात गेलाय. पायाचं कळलं म्हणून लगेच उपचार देता आले."

गुरुजी वाचले. टॅब मात्र बसवराजलाही उघडता आला नाही. "कुलूप चिपमध्येच हाय, बाई. मालकाला किल्लीच दिली न्हाई." त्यानं एक जुना लॅपटॉप आणला. तो कुणाची मान्यता विचारत नव्हता. वर कॅमेरा लावून तो डोळ्यांवर चालता केला.

पुढे कंपनीचा फोन आला. टॅब चालू करून देऊ, पण बाहेरचं काही, मराठी आवाजसुद्धा, टाकणार नाही असं कबूल करा. लॅपटॉप तापून घरघरत होता, मधेच बंद पडायचा. रेणुकाबाई हळूच म्हणाल्या, "हाव म्हणा. ह्याचा काय भरवसा?"

गुरुजींचे डोळे सावकाश अक्षरांवर फिरले. लॅपटॉप मराठीत बोलला, "नाही."

बाईंनी कंपनीला तसंच कळवलं. कॅलेंडरचा तो कागद मात्र त्यांनी उशाशीच ठेवला.