झाकणाआडची फुली

मामा हयात होते तोवर त्यांच्या जुन्या स्पोर्ट्स कारला कोणाला हात लावू देत नसत. आता ती माझ्याकडे आली, आणि कंपनीचा टेप काढून मला ब्लूटूथवाला बसवायचा होता. असे मूळ टेप शौकीन लोक शोधत फिरतात आणि मेकॅनिक ते परस्पर बदलतात, असं ऐकलेलं. म्हणून आदल्या दिवशीच मी कॅसेटच्या झाकणाआड खिळ्याने फुली मारून ठेवली.

धुळ्यात गाड्यांचे टेप बसवणारे एक चाचा होते, ते मला पहिल्यापासूनच खटकले. बोलणं जवळजवळ नाहीच. निघालेला प्रत्येक स्क्रू ते बंद पडलेल्या एका स्पीकरच्या लोहचुंबकावर ओळीने चिकटवत होते. एकही वायर त्यांनी कापली नाही, त्यातही मला काहीतरी काळंबेरं वाटलं. मग टेप घेऊन ते पडद्यामागे गेले. मी चहा तसाच ठेवून उठलो.

ते बाहेर आले तेव्हा टेप मऊ फडक्यात गुंडाळलेला होता. मी ते फडकं त्यांच्यासमोरच सोडलं आणि टेपचं झाकण उचललं. फुली होती.

“तुमचाच शे, भाऊ,” चाचा म्हणाले. “ती फुली घासून पाहिली, पण जात नाही. एवढ्या वर्षांत याच्यावर दुसरा एक ओरखडा नाही. कोणी केलं हे?”

“मामांनी केलं असेल,” मी म्हणालो.