चौतीस खुणा

झूराकानला मानाचा चापान चढवायचं गावाने ठरवलं, तेव्हा ती म्हणाली, "नको गं बाई, त्यापेक्षा वाचनालयाचे पत्रे बदला." आमच्या तेरेक-बुलाकमध्ये सत्काराला आधी नको म्हणायचा रिवाजच आहे, त्यामुळे तिच्या बोलण्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. मेंढं ठरलं, पिठाचे फुगीर बोरसोक तळायला बायका ठरल्या, मखमली चापान नारीन शहराहून मागवला. जिने चाळीस वर्षं वाचनालय सांभाळलं तिच्या खांद्यावर एक झगासुद्धा पडू नये म्हणजे काय?

नवी ग्रंथपाल बेगिमाय तर हरखूनच गेली होती. "आणि एजे, तुमच्यासाठी एक गंमत आहे," ती म्हणाली. झूराकानला अख्खं गाव एजे म्हणतं, थोरली ताई. "जुन्या कपाटाच्या तळाशी काय सापडलं सांगा! माझ्या आजोबांचं वाचकपत्र. एकोणऐंशी सालचं. चाळीस पुस्तकं, एजे, एका वर्षात! मी ते काचेत बसवून घेतलंय. तुम्हाला चापान चढवला की लगेच भिंतीवर लावायचं."

झूराकानच्या हातातला चहा हिंदकळून मांडीवर सांडला.

"कशाला ते जुनंपानं उकरून काढायचं?" ती कशीबशी म्हणाली. "कारिप आबांना असला थाटमाट आवडला नसता."

"अहो, जिल्ह्यात त्यांच्याएवढं वाचलेला मेंढपाळ नव्हता! मी या खुर्चीवर बसले ती कोणामुळे? लहानपणी तुम्हीच तर सांगायचात, कारिपबायची नात आहेस, पुस्तक खाली ठेवू नकोस म्हणून."

हो, सांगायची. तोंड वर करून सांगायची. झूराकानला आता मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी जाताना तिला दोनदा वाटलं, परत फिरावं आणि त्या पोरीला सांगून टाकावं. पण फिरली नाही. सत्काराला चार दिवस होते. या चार दिवसांत बोलली नाही तर ती लबाडी कारिप आबांच्या नावानिशी कायमची भिंतीवर टांगली जाणार होती, आणि टांगणार होती त्यांचीच नात.

झालं होतं असं. तेव्हा झूराकान एकतीस वर्षांची, अंगात रग असलेली बाई. उन्हाळा आला की घोड्यावर दोन्ही बाजूंना पुस्तकांची पडशी टाकून ती वरच्या कुरणांवर जायची. जिल्हा कचेरीचा हुकूम असा की प्रत्येक मेंढपाळाने अमुक इतकी पुस्तकं वाचलीच पाहिजेत. आता सांगा, ज्या माणसाला दर दोन तासांनी घोड्या दोहायच्या, कातरणी करायची, लांडग्यावर नजर ठेवायची, तो वाचणार कधी? बिचारे तिच्या भिडेखातर दोन पुस्तकं ठेवून घ्यायचे, गोधड्यांच्या चळतीखाली सरकवायचे आणि पुढच्या खेपेला तशीच परत द्यायचे.

एकोणऐंशी साली आकडा फारच खाली राहिला. कचेरीतून निरोप आला की असंच चाललं तर घोडा काढून घेऊ. पण ही झाली सबब. खरं कारण वेगळंच होतं. कचेरीबाहेर मानकऱ्यांचा फलक होता, त्यावर आपला फोटो लागावा अशी तिला हौस होती. भारी हौस.

वाचकाने प्रत्येक पुस्तकासमोर सही करायची असे. कारिपबायला सही येत नव्हती. कागदोपत्री जिल्ह्यात एकही निरक्षर उरला नव्हता, म्हणून हे कोणी बोलत नसे. तो सहीच्या जागी घराण्याची खूण काढायचा, घोड्याच्या पुठ्ठ्यावर डागतात ती. वर अर्धा चंद्र, खाली काठी. दोन फटकारे, कोणालाही जमतील असे.

सप्टेंबरातल्या एका दुपारी दार लावून झूराकानने कारिपबायचं वाचकपत्र पुढ्यात ओढलं. त्याच्या हातच्या सहा खुणा होत्या. तिने आणखी चौतीस पुस्तकं लिहिली आणि प्रत्येकासमोर चंद्र आणि काठी काढली. घाईत फळीवरची सरसकट उतरवून काढली. त्यात जाडजूड कादंबऱ्या आल्या, मधमाशीपालन आलं, ट्रॅक्टरचा क्लच आला, बीटावरची कीडसुद्धा आली.

कोणी बघणार नाही असं तिला वाटलं होतं. पण चाळीस पुस्तकं वाचणारा मेंढपाळ म्हटल्यावर कचेरी पाघळली. ऑक्टोबरात गावच्या सभागृहात वाचकांचा मेळावा भरला. ताश्तानोव नावाचे साहेब खास आले. त्यांनी वाचकपत्र हातात उंच धरलं, मग पहिल्या रांगेत कारिपबायशेजारी बसलेल्या चौघा मेंढपाळांकडे दिलं. "बघा, बघा! हातोहात फिरवा!" मेंढपाळांनी ते एकेक करून बघितलं, पुढे सरकवलं. शेवटी ते कारिपबायच्या हातात आलं आणि साहेबांनी त्याला मंचावर बोलावलं.

झूराकान भिंतीला टेकून उभी होती.

"काय हो कारिपबाय," साहेब हसत म्हणाले, "तुमच्या कुरणावर तर मधमाशी औषधाला सापडायची नाही. मग मधमाशीपालन कशाला वाचलंत?"

कारिपबाय बोटाने खुणांवरून खाली खाली जात होता. एक अक्षर वाचता येत नव्हतं त्याला. पण खुणा? त्या वाचण्यात जन्म गेला होता. बोट सातव्या ओळीवर थांबलं. त्याने मान वर केली आणि सगळ्या सभागृहातून नेमकं झूराकानकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"आपल्याकडे नाही त्याचीच माहिती हवी साहेब," तो म्हणाला. "आहे ते तर रोज दिसतं." लोक हसले. "पुस्तकं चांगली आहेत. पोरगी कष्टाळू आहे. घोडा तेवढा म्हातारा झालाय तिचा, चढावर धापा टाकतो. तिला नवा घोडा द्या."

टाळ्या कडाडल्या. साहेबांनी तिथल्या तिथे घोडा मंजूर केला. फलकावर फोटोही लागला. झूराकान पुढे कचेरीत गेली की मागच्या दाराने जायची, तो फोटो दिसू नये म्हणून.

पुढच्या जूनमध्ये ती त्याच नव्या घोड्यावरून कारिपबायच्या तंबूशी पोहोचली. त्याने स्वतः लगाम धरला, आत मानाच्या जागी बसवलं, कुमीसचा, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, वाडगा हातात दिला. तिने नवं वाचकपत्र पुढे केलं तसा तो म्हणाला, "तूच काढ की. तुझा हात बसलाय त्यावर."

त्याची बायको बूसारा हसली, तिला वाटलं थट्टा चाललीय. झूराकानच्या डोळ्यांना धारा लागल्या.

"रडू नकोस, कुमीस खारट होईल," कारिपबाय म्हणाला. "ऐक. मी काठी खालून वर ओढतो. तू वरून खाली ओढलीस. माझी खूण उभी राहते पोरी, तुझी लोंबते. कोणी माझ्या घोडीवर असली खूण डागली असती तर मी चाबूक घेऊन त्याच्या दारात गेलो असतो."

"मग आबा, तिथे बोलला का नाहीत?"

"तू माझ्या घरचं मीठ खाल्लेली पाहुणी. आणि बोललो असतो तर मला वाचता येत नाही हेही सांगावं लागलं असतं ना? पहिल्या सहा मी न वाचताच काढल्या होत्या. सहा खोट्या माझ्या, चौतीस तुझ्या. मी भुरटा आणि तू दरोडेखोर, एवढाच काय तो फरक." त्याने दाढी खाजवली. "बरं, पुस्तकं आहेत तरी कशी?"

झूराकानची मान आणखी खाली गेली. "सगळी मीही वाचली नाहीत आबा."

"अगं म्हणजे कोणीच वाचली नाहीत! मग घोडा मिळाला तो कशाबद्दल?" तो बूसाराकडे वळला. "चहा टाक. ही आता वाचणार आहे."

तेव्हापासून दर उन्हाळ्यात दोहणीच्या मधल्या वेळात झूराकान वाचायची आणि कारिपबाय खोगिरं शिवत ऐकायचा. मधमाशीपालन गाळू या म्हटलं तर म्हणाला, "यादीत आहे ना? मग वाच मुकाट्याने." कादंबरीतला नवरा मूर्खासारखा वागला की दोरा तोडून शिव्या घालायचा. पुस्तक संपलं की जुनं वाचकपत्र मागायचा आणि त्या पुस्तकासमोरच्या खुणेशेजारी आपली दुसरी खूण काढायचा, खालून वर, जीभ दातांत धरून. अकरा उन्हाळ्यांत, पहिल्या सहांसकट, चाळीसांतली तेहतीस झाली. नव्वदच्या पानगळीत तो गेला. सात राहिली.

ते वाचकपत्र फाडून टाकायचा तिला धीर झाला नाही, त्यावर त्याच्या हातच्या खऱ्या खुणा होत्या. तिने ते कपाटाच्या तळाशी वर्तमानपत्रांखाली दडवलं. पुढे वाईट दिवस आले, पगार थांबले, छत गळायला लागलं, तेव्हा तिने पुस्तकं स्वतःच्या घरी नेली आणि थंडीत घराचं कुंपण जाळलं, पण एक पान चुलीत घातलं नाही. सैनिकांच्या आयांना पत्रं लिहून दिली, म्हाताऱ्यांचे पेन्शनचे अर्ज भरले. लोक तोंड भरून कौतुक करायचे आणि तिला तेवढ्यात ती वरून खाली लोंबणारी काठी दिसायची. एकच समाधान होतं, ज्यांना ठाऊक होतं ते नवरा-बायको दोघंही मातीआड गेले होते.

चार दिवस गेले. ती बोलली नाही.

सत्काराला सभागृह भरलं. चापान खांद्यावर पडला, भाषणं झाली. मग बेगिमायने काचेतलं वाचकपत्र सगळ्यांना दाखवलं. "आणि बघा, तेहतीस पुस्तकांसमोर आजोबांच्या दोन-दोन खुणा आहेत. म्हणजे ती त्यांनी दोनदा वाचली! शेवटची सात फक्त एकदाच."

"वा रे कारिपबाय!" कोणीतरी ओरडलं. टाळ्या पडल्या. बेगिमायने खिळ्याकडे हात नेला.

"थांब," झूराकान म्हणाली.

तिने चापान काढला, घडी करून टेबलावर ठेवला. "ती सात त्यांनी वाचलीच नाहीत. त्या खुणा माझ्या आहेत. चौतीस खुणा माझ्या आहेत." मग तिने सगळं सांगितलं. फलक, दुपार, लावलेलं दार, घोडा. कारिप आबांना वाचता येत नव्हतं हे सांगताना तिने बेगिमायकडे पाहिलं, आणि त्या पोरीचा चेहरा उतरलेला बघून तिला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं.

पहिल्या रांगेतून इशेन आबा काठी टेकत उठले. शहाऐंशी वर्षांचे, जन्मभर कारिपबायच्या शेजारच्या कुरणावर मेंढ्या राखलेले.

"झालं सांगून?" ते म्हणाले. "एकोणऐंशी साली याच रांगेत बसलो होतो मी. कागद हातात आला आणि कळलं. काठी लोंबत होती."

झूराकानला आधी अर्थच लागेना. "तुम्हाला माहीत होतं?"

"आम्हा चौघांनाही. मेंढपाळ होतो, आंधळे नव्हतो."

"मग चाळीस वर्षं एका शब्दाने का बोलला नाहीत?"

"खूण कोणाची? त्याची. मालक बोलला नाही, तिथे आम्ही तोंड उघडणारे कोण?" आबांनी नाक पुसलं. "वाटलं, तूच एक दिवस सांगशील. वाट बघत होतो. तिघं वाट बघून बघून गेले."

चौघं. रोज रस्त्यात भेटणारे, तिला बघून घोड्यावरून खाली उतरणारे, ईदला मांसाचा वाटा धाडणारे. तिने त्यांच्या अंत्ययात्रांना जाऊन मोठ्याने शोक केला होता. झूराकानने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"मला तरी सांगायचंत, एजे," बेगिमाय म्हणाली, आणि आवाजात राग होता, तो तिने लपवला नाही. तिने काच उलटी करून वाचकपत्र बाहेर काढलं. शेजारच्या वाचनालयातल्या फळीपाशी गेली, शोधून एक पातळसं पुस्तक आणलं आणि घडी केलेल्या चापानावर आपटलं. राहिलेल्या सातांतलं एक, बीटावरची कीड.

"आजोबांची खूण आता माझ्याकडे आलीय," ती म्हणाली. "वाचा. पूर्ण झालं तरच काढीन."

झूराकानने चष्मा लावला. वर बघायची हिंमत नव्हती, म्हणून तिने पानातच डोळे घातले आणि पहिली ओळ वाचली.

"जरा मोठ्याने, पोरी," इशेन आबा खाली बसत म्हणाले. "मागच्यांना ऐकू येत नाही."