पाटल्यांत शिरलेला पारा

अकोल्यात जाईबाईच्या सासरी वर्षाची तूर भरायची एक रीत होती. राखेत पारा खलायचा आणि ती राख कोपरापर्यंत हात घालून तुरीला चोळायची, म्हणजे किडे लागत नाहीत. एरवी हे काम मजूर बाई करायची. १९५८ साली सासूबाई दुर्गाबाईंनी ते नव्या सुनेला लावलं. हातातल्या पाटल्या काढून ठेव, असं कोणी म्हटलं नाही. म्हणणार कोण? सोनं घालून त्या राखेत हात घालणारी हीच पहिली.

सकाळी पाटल्या पांढऱ्याफटक. चिंचेनं घासल्या, रिठ्यानं घासल्या, तरी पांढऱ्याच. दुर्गाबाईंनी घर डोक्यावर घेतलं. व्याह्यानं चांदीवर मुलामा देऊन फसवलं म्हणाल्या. नवरा देवराव तिथंच बसून पेपर वाचत होता. त्यानं मान वर केली नाही, आणि याचाच राग जाईबाईला सगळ्यात जास्त आला.

भातकुलीहून तिच्या वडिलांना, किसनरावांना, बोलावून घेतलं. पाटल्या त्यांनी अमरावतीला घडवलेल्या. अंगणात शेजारीपाजारी जमलेले. किसनरावांनी पाटल्या उलटसुलट करून पाहिल्या. सोनारानं आपल्यालाच गंडवलं, असं त्या भोळ्या माणसाला वाटलं. त्यांनी टोपी काढली आणि विहिणीपुढे हात जोडले.

"चूक माही झाली बाई. पोरीले बोलू नका."

गल्लीच्या तोंडाशी नत्थुजी सोनाराचं दुकान होतं. तिथं आधी विचारावं, एवढी अक्कल त्या घरात कोणाला नव्हती. शेवटी किसनरावच गेले. नत्थुजीनं पाहताच विचारलं, धान्याले पारा लावला काय? पारा सोन्याच्या वर बसून राहत नाही म्हणाला, कणाकणातून वाट काढत आत शिरतो. तोंडाला फडकं बांधून, उघड्यावर, त्यानं पाटल्या निखाऱ्यावर धरल्या. पारा उडाला, पिवळा रंग परत आला. पण वाकवून पाहिली तर एक पाटली चिमट्यात कटकन मोडली. आतली पकड सुटलेली, आता आटवूनच घडवाव्या लागतील, असं तो म्हणाला.

सोनं खरं निघालं. दुर्गाबाई म्हणाल्या, "चला, बरं झालं," आणि चहा ठेवला. किसनरावांनी घोटभर पाणीही घेतलं नाही. त्या घराची पायरी ते पुन्हा चढले नाहीत. जाईबाईनं पाटल्या आटवू दिल्या नाहीत, तशाच बांधून ठेवल्या.

चौसष्ट साली किसनराव वारले. तेरवीच्या पंगतीत दुर्गाबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि लय खरा मानूस होता म्हणाल्या. भात वाढता वाढता जाईबाई थांबली.

"हे तवा आंगनात म्हनाचं होतं, आत्याबाई."

देवराव तेव्हा पेपरात पाहत होता, तसाच आता पत्रावळीत पाहत राहिला.