नूरमोहम्मद आणि सिग्नलची तार

डोंगरतळं स्टेशन म्हणजे चार क्वार्टर, एक चिंच आणि पॉइंट्समन नूरमोहम्मद. गाडी आली की दांडा ओढून तारेनं सिग्नल पाडायचा, म्हणजे गाडीला वाट मोकळी, एवढंच त्याचं काम. पण तोरा असा, की औरंगाबादपर्यंतचे रूळ जणू सासऱ्यानं आंदण दिलेत. सिग्नलच्या तारेला तो रोज स्वतः तेल घालायचा. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत, मुसलमानांवर हल्ले होत असताना, गावातल्या दगडाबाईनं त्याला नि बायको आबेदाला आठ दिवस घरात लपवलं, तर हा पठ्ठ्या तिथूनही तेल घालायला निसटायचा. दगडाबाईच्या शिव्या त्यानं पोटभर खाल्ल्या.

पुढं निजामाची रेल्वे भारत सरकारची झाली, पण सकाळची नऊची गाडी पावणेदहालाच येत राहिली. गाव त्याच बेतानं भाकऱ्या थापायचं.

मग वरून कागद आला. साहेब स्वतः नऊच्या गाडीनं येणार, उतारू किती ते बघणार, आणि उतारू नसले तर स्टेशन बंद. नूरमोहम्मदनं घरोघर जाऊन बजावलं. पन्नासेक माणसांनी यायचं कबूल केलं. एकच गोष्ट कुणाच्या, अगदी त्याच्याही, ध्यानात आली नाही. साहेब ज्या गाडीत बसतो, ती गाडी वेळेवर येते.

नऊच्या ठोक्याला गाडी सिग्नलपाशी शिट्ट्या मारू लागली. फलाटावर कुत्रंही नव्हतं.

"अरे, पाड की सिग्नल!" स्टेशनमास्तर अनंतराव ओरडले.

नूरमोहम्मदचा हात दांड्यावर होता. उभ्या नोकरीत त्यानं विनाकारण गाडी अडवली नव्हती. शेताच्या वाटेनं दगडाबाई पेरूंची पाटी घेऊन धापा टाकत येत होती, मागं सगळं गाव. शेवटचा माणूस फलाटावर चढेपर्यंत त्यानं दांडा हलवला नाही.

साहेब उतरले ते लालबुंद होऊनच. "गाडी का अडवली?"

"तार अडकली, साहेब," अनंतरावांनी सांभाळून घेतलं.

सुटला होता की! पण तारेचं नाव निघालं आणि गड्याला राहवलं नाही.

"तार नाय अडकली, साहेब. रोज तेल घालतो मी तिला. माणसं यायची हुती, म्हणून मीच थांबवली."

स्टेशन राहिलं. नूरमोहम्मदची मात्र महिन्याच्या आत लांब बदली झाली.

"खोटं बोलला असतास तर झिजला असतास का रं?" निघायच्या दिवशी दगडाबाईनं विचारलं, आणि आबेदाच्या गळ्यात पडून ती ओक्साबोक्शी रडली. नवा माणूस अजून आला नव्हता. आपल्याला घेऊन जाणाऱ्या गाडीचा सिग्नल नूरमोहम्मदनं स्वतःच पाडला.