आंबट नसलेली अंबाडी

सिंगापूरच्या तोआ पायोहमधल्या मराठी घरात कढीपत्त्याचं झाड दिसलं, की ते कुणी दिलं हे विचारावं लागत नाही. नंदू पेडणेकरने दिलेलं असतं. अळू दिसला तरी तोच, ओव्याची पानं दिसली तरी तोच. माणूस खरं तर जहाजावरचा चीफ इंजिनीयर. उभं आयुष्य डिझेलच्या वासात गेलं, आता एका शिपिंग कंपनीच्या ऑफिसात सुपरिंटेंडंट आहे. पण सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटबाहेर, कॉरिडॉरमध्ये त्याने जी बाग मांडली आहे, ती बघून टाउन कौन्सिलची माणसं वर्षातून दोनदा नोटीस चिकटवून जातात आणि जाताना आपल्या आईसाठी कोरफडीचं एखादं पिल्लू मागून नेतात.

हा नाद त्याला समुद्रावर लागला. तिथे महिनोन्महिने हिरवं म्हणून काही नजरेला पडत नाही. मग नंदूने अंड्यांच्या रिकाम्या ट्रेमध्ये ओला कापूस पसरून मेथी पेरली, बॉयलरच्या उबेला तिला कोंब आणले आणि मग ट्रे केबिनच्या खिडकीत नेऊन ठेवला. सगळं जहाज त्याला हसलं आणि सगळ्या जहाजाने ती मेथी खाल्ली. त्याच जहाजावर चारुदत्त नावाचा नवाकोरा ज्युनियर आला होता. कोल्हापूरचा पोरगा, पहिलीच सफर. आठ दिवस नुसता ओकत पडला होता. नंदूने त्याला मेथी घातलेली आमटी पाजली, उभं केलं, हाताखाली घेतलं आणि पुढच्या परीक्षांना रेटून बसवलं.

पुढे चारूनेही समुद्र सोडला आणि जुरोंग आयलंडवरच्या एका केमिकल प्लांटमध्ये नोकरी धरली. घर मिळेपर्यंत तो, त्याची बायको ऋचा आणि तान्हा अमेय असे तिघं चार महिने नंदूच्या हॉलमध्ये राहिले. नंदूची बायको विनीता त्या चार महिन्यांबद्दल आजही अवाक्षर काढत नाही, आणि विनीता गप्प बसते तेव्हा काय समजायचं हे तिच्या माहेरच्यांना बरोबर ठाऊक आहे. नंदूला मात्र काही समजायचं नव्हतं. चारू म्हणजे माझा धाकटा भाऊ, एवढं एक वाक्य त्याने सव्वीस वर्षं सगळीकडे सांगितलं.

यंदा जानेवारीत चारू गावाकडे जाऊन आला आणि रविवारी सकाळी दारात उभा राहिला. खिशातून कागदाची पुडी काढून म्हणाला, "दादा, तुझ्यासाठी खास. अंबाडीचं बी. मामाच्या रानातलं."

नंदू हरखलाच. टेक्का मार्केटात आंध्राकडचा गोंगुरा मिळतो, लोक त्यालाच अंबाडी म्हणून शिजवतात आणि नंदू त्यांच्याशी भांडतो. त्याला हवी होती ती आईच्या हातची: ज्वारीच्या कण्या घातलेली, वरून लसणीची चरचरीत फोडणी. पण हा पडला गिरगावातला. अंबाडीची जुडी त्याने हजारदा पाहिलेली, बी मात्र जन्मात पाहिलेलं नव्हतं. पुडीतल्या गोल, करड्या, बारीक नक्षीच्या दाण्यांना त्याने अंबाडीचं बी म्हटलं, कारण चारूने म्हटलं होतं.

"लावायच्या तुझ्या हाताने," चारू म्हणाला. "माझ्याकडे काही जगत नाही. हातभर झाली की मी आमच्या बाल्कनीत नेतो. ऋचा भाजी करेल, तुम्ही सगळे जेवायला या. आणि हो, बाहेर नको ठेवूस. कोवळी रोपं कबुतरं ठेवत नाहीत."

"एक कुंडी मी ठेवून घेतो हं."

"नको नको, सगळी एकत्रच वाढू देत."

कबुतरांनी आजवर नंदूच्या एका पानाला चोच लावलेली नव्हती. पण भाऊ काळजीने सांगतोय म्हटल्यावर नंदूने मान डोलावली. विश्वास ठेवायची सवय लागली की माणूस साधा हिशोबही करत नाही, आणि नंदूला ती सवय फार जुनी होती.

मटकीला मोड आणतात तसेच त्याने मोड आणले. बिया रात्रभर पाण्यात, सकाळी ओल्या धोतराच्या फडक्यात पुरचुंडी आणि ती राइस कुकरच्या शेजारी उबेला. तिसऱ्या दिवशी पांढरी शेपटी दिसली. पंधरातल्या अकरा बियांना मोड आले, तेव्हा याने ऑफिसातून चारूला फोन करून बारशाची बातमी द्यावी तशी बातमी दिली. मग दह्याच्या रिकाम्या डब्यांना खालून भोकं पाडली, भुसभुशीत माती भरली, शेपटी खाली करून एकेक बी बोटाच्या पेरभर आत सोडलं आणि डबे आतल्या खोलीच्या खिडकीत मांडले. विनीताने एकदा फुलपात्रभर पाणी ओतलं तर तिच्यावर ओरडला. नव्या रोपाला तहान कमी असते, हौसेने बुडवायचं नसतं, असं म्हणून त्याने फवाऱ्याची बाटली उशाशीच घेतली. ऊन कुठून येतं ते बघून रोज डबे फिरवायचा, वाकलेल्या देठाला काडीचा टेकू द्यायचा. नोव्हेनाच्या क्लिनिकमधून दमून आलेली विनीता म्हणायची, "माझ्याकडेही बघ कधीतरी, मी पण वाकलेय." तो हसायचा आणि परत डब्यांकडे वळायचा.

तीन आठवड्यांत रोपं तरारली. सुरुवातीची गुळगुळीत पानं मागे पडून करवतीसारख्या कडांची पानं फुटली, मग तीन बोटांची, मग पाच बोटांची. अंबाडीचं पान असंच असतं, म्हणून नंदू खुशीत होता. वास जरा उग्र वाटला, पण गावरान बियाण्याला असेल वास, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दुपारी सतरा वर्षांची ईशा चार्जर शोधत त्या खोलीत गेली आणि तिथूनच ओरडली, "बाबा, व्हॉट इज धिस?"

"अंबाडी. भाजी असते."

"नो ला, बाबा. आम्हाला स्कूलमध्ये टॉक होता. पोस्टरवर एक्झॅक्टली हेच पान होतं. धिस इज कॅनबिस."

खिडकीत गांजा म्हटल्यावर नंदू हसला. चांगला पोट धरून हसला. "अगं येडे, अंबाडीचं पान तसंच दिसतं. म्हणून तर लोक फसतात. पण अंबाडी ओळखायची डोळ्यांनी नाही, जिभेने. थांब, दाखवतो." आणि पोरीची खात्री पटावी म्हणून त्याने खालचं एक पान खुडून तोंडात टाकलं.

तो आंबट चव यायची वाट बघत राहिला. कडवट, गवतासारखी, जिभेला चिकटणारी काहीतरी चव आली. त्याने दुसऱ्या डब्यातलं पान चावलं. तेही तसंच. तिसऱ्या डब्यापर्यंत त्याचा हात गेला आणि तिथेच थांबला.

"आंबट आहे?" ईशाने विचारलं.

तो बेसिनकडे धावला आणि थुंकला, चुळा भरभरून थुंकला. पूर्वी सिंगापूरला उतरताना जे कार्ड भरावं लागे, त्यावर अमली पदार्थांच्या तस्करीला मृत्युदंड, असा इशारा लाल अक्षरांत छापलेला असे. नंदूने ते कार्ड शंभरदा भरलं होतं, आणि शंभरदा त्याला वाटलं होतं की हे दुसऱ्या कुणासाठी तरी लिहिलंय. आता अकरा डबे त्याच्या घरात होते, पेरलेही त्यानेच होते आणि एकेकाला काडीचा टेकूही त्यानेच दिला होता. नोकरी, इथे कायम राहायचा पीआर, ईशाचं शाळेचं शेवटचं वर्ष, बारा वर्षांचं हे घर, सगळंच त्या खिडकीत मांडून ठेवल्यासारखं झालं होतं.

तरीही पहिला विचार त्याच्या मनात आला तो चारूला वाचवायचा. बिचाऱ्याला मामाने चुकीची पुडी दिली असणार. त्याने फोन लावला.

"चारू, अरे ही अंबाडी नाहीये."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग चारू हलक्या आवाजात म्हणाला, "दादा, ओरडू नकोस. अजून एक आठवडा फक्त. मग मी नेतोच आहे."

नंदू पलंगाच्या कडेवर बसला. "म्हणजे तुला माहीत होतं?"

"दोघा-तिघांपुरतं आहे रे, धंदा नाही करत. एकाची जागा आहे, तिकडे हलवणार आहे. तिथेच मी दोनदा लावून बघितल्या, आठ दिवसांत माना टाकल्या. तुझ्या हाताला गुण आहे, दादा."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर लावल्या असत्यास?"

"आणि तुझ्या घरी का नाही ठेवल्यास?"

"वेडा आहेस का?" चारू पटकन म्हणाला. त्यात लपवाछपवी नव्हती, उलट असं काय विचारतोस असा सूर होता. "घरात अमेय आहे."

नंदूने समोर बघितलं. दाराच्या चौकटीला टेकून ईशा उभी होती, नखं खात. सव्वीस वर्षांत चारूवर तो कितीदा चिडला होता, पण असा संताप कधी आला नव्हता, आणि संतापाच्या तळाशी नुसतं रडू होतं. त्याने फोन ठेवताना एवढंच सांगितलं, की तो पोलिसांना कळवणार आहे. चारू हसला. "तू? माझं नाव घेणार तू?"

विनीता घरी आली तेव्हा सगळं ऐकून आधी स्वयंपाकघरातल्या, कचरा थेट खाली टाकायच्या शूटकडे बोट दाखवून म्हणाली, "तिथे टाक आणि विसरून जा. कुणाला कळतंय? चारूचं आपण नंतर बघू."

"लपवलं की ते माझं झालं, विनीता. आत्तापर्यंत माझं नाहीये."

"तुला खरं वाटतं ते विश्वास ठेवतील?"

"माहीत नाही," नंदू म्हणाला, आणि खरंच त्याला माहीत नव्हतं. पण पोरगी बघत होती. तिच्यासमोर ते डबे शूटमध्ये ढकलायचे आणि उद्या तिच्याशी मान वर करून बोलायचं, हे त्याच्याने होणारं नव्हतं. त्याने पोलिसांना फोन केला.

साध्या कपड्यांतली चार माणसं आली. त्यांनी रोपं मोजली, पिशव्यांत भरली, पुरचुंडीचं फडकं घेतलं, नंदूचा फोन आणि पासपोर्ट घेतला, ईशाचं दप्तर उलटंपालटं केलं. शेजारची लिम आँटी दार किलकिलं करून बघत होती. नंदूला तीन दिवस रोज बोलावून तेच तेच विचारलं. पुडी कुणी दिली? पेरलं कुणी? मोड आणायला कुणी शिकवलं? पानं तोंडात का घातली? त्याने सगळं खरं सांगितलं आणि प्रत्येक खऱ्या उत्तरात तो स्वतःच जास्त अडकत गेला. चारूने तिकडे जबाब दिला होता की रोपांमधलं आपल्याला काही कळत नाही, झाडांचा नाद दादाला आहे, कुणालाही विचारा. आणि ते कुणालाही विचारलं तरी खरंच निघत होतं.

नंदूला वाचवलं चारूच्याच शब्दांनी. शेवटच्या वेळी चारू फोनवर जे बोलला आणि नंदूने जबाबात जसंच्या तसं सांगितलं, ते त्या 'एकाची जागा' असणाऱ्या माणसाच्या फोनमधल्या निरोपांशी जुळलं. सात आठवड्यांनी नंदूचा पासपोर्ट परत मिळाला. ऑफिसने सक्तीच्या रजेवरून कामावर घेतलं, पण दुसऱ्या विभागात. चारूची केस उभी राहिली.

मराठी मंडळात मात्र वेगळीच केस चालली होती, आणि तिचा निकाल नंदूला न बोलावताच लागला होता. समोर कुणी बोललं नाही. पाठीमागे जे बोललं जायचं ते विनीताच्या कानावर यायचं. सख्ख्या भावासारख्या मित्राला पोलिसात दिलं म्हणे. आधी चार माणसांत बोलायचं, समजवायचं, एकदम बाहेरच्यांना कशाला बोलवायचं? फसवलं चारूने, आणि दगाबाज ठरला नंदू. तो कुणापुढे सफाई द्यायला गेला नाही.

आणि मग एका रविवारी दुपारी ऋचा आली. चपला न काढता उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. डोळे सुजलेले, केस कसेतरी बांधलेले. विनीताने "आत ये" म्हटलं, ती हलली नाही.

"नंदूदादा, मला एकच विचारायचंय. तुम्ही मला का नाही फोन केलात? एक फोन. मी येऊन ती रोपं उपटून नेली असती, त्याच्या तोंडावर मारली असती. तुमच्याच हॉलमध्ये माझं पोर रांगायला शिकलं. त्याच्या बापाला तुम्ही आत टाकलंत."

तिला काही सांगायचं नाही असं नंदूने ठरवलं होतं. तिने आधीच पुरेसं सोसलंय, असं त्याला वाटत होतं. पण आजवर सगळ्यांचं त्याने ऐकून घेतलं होतं आणि आता त्याला ते सहन होईना.

"ऋचा, मी त्याला विचारलं होतं, तुझ्या घरी का नाही ठेवल्यास म्हणून. तर म्हणाला, घरात अमेय आहे." त्याने आत हात केला. टेबलाशी ईशा वह्या उघडून बसली होती आणि एकेक शब्द ऐकत होती. "माझ्या घरात ही होती. त्याने हिला उचलून खेळवलंय. हे त्याला एकदाही आठवलं नाही."

ऋचाने ईशाकडे बघितलं. नंदूला वाटलं, आता ती खाली बसेल, रडेल, निदान विनीताचा हात धरेल. तिचा चेहरा खरंच सैलावला, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच काहीतरी बरं ऐकल्यासारखा.

"असं म्हणाला तो?" ती म्हणाली. "म्हणजे पोराचा विचार केला होता त्याने."

तिने पदराने डोळे पुसले, ईशाला उद्देशून "अभ्यास कर हं बाळा" म्हणाली आणि लिफ्टकडे गेली.